‘हॅव सीन यस्टर्डे’ पुन्हा पुन्हा का येते : इंग्रजी क्रियापदाचे तिसरे रूप आणि काळवाचक शब्द

फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात मी २२ वर्षे इंग्रजी शिकवीत आलो आहे. या काळात एक चूक मी इतक्या वह्यांमध्ये, इतक्या अर्जांमध्ये आणि माजी विद्यार्थ्यांनी तपासण्यासाठी आणलेल्या इतक्या पत्रांमध्ये दुरुस्त केली आहे, की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’, ‘वुई हॅड गॉन टू म्हापसा लास्ट फ्रायडे’, ‘द रोड इज क्लोज्ड सिन्स टू डेज’ ही वाक्ये वरवर पाहता तीन निरनिराळ्या चुकांची वाटतात, आणि आपल्याकडे ती तीन निरनिराळ्या धड्यांत, तीन निरनिराळे नियम सांगून दुरुस्तही केली जातात. माझ्या मते ती एकाच दुखण्याची तीन लक्षणे आहेत.

या दुखण्याची खूण अशी, की ते परीक्षेत दिसत नाही. रिकाम्या जागा भरा म्हटले, की विद्यार्थी ‘यस्टर्डे’ पाहून बिनचूक ‘सॉ’ लिहितो. पण तोच विद्यार्थी आठ दिवसांनी स्वतःच्या मनातले काही लिहू लागला, की ‘हॅव सीन यस्टर्डे’ परत येते. गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी माझी एक माजी विद्यार्थिनी पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचे पत्र घेऊन घरी आली होती. ती शाळेत असताना व्याकरणात पहिल्या पाचांत असे. पत्रातील मुख्य मजकूर असा होता : ‘अवर वॉटर सप्लाय इज कट ऑफ सिन्स नाइन डेज. आय हॅव गिव्हन ॲन ॲप्लिकेशन ऑन थर्ड ऑगस्ट. युअर फिटर हॅड कम ऑन फिफ्थ ऑगस्ट. नथिंग इज डन टिल टुडे.’ वाक्ये चार आणि चारही सदोष; परंतु तिने मला एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न फार चांगला होता. ‘सर, नियम मला पाठ आहेत, तरी लिहिताना माझ्या हातून हेच का उतरते?’ त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच येथे अधिक विस्ताराने मांडतो. इंग्रजी वाक्ये मी मुद्दाम उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण ही चूक डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळते.

दोष कोठून येतो

तो मराठीतून येतो, आणि मराठी तेथे पूर्णपणे बरोबर असते. ‘मी त्याला काल देवळापाशी पाहिले आहे’ या वाक्यात ‘पाहिले’ हे धातुसाधित कालची गोष्ट सांगते आणि ‘आहे’ हे सहायक क्रियापद ती गोष्ट आज पक्की असल्याची ग्वाही देते. आपल्या भाषेत ‘काल’ आणि ‘आहे’ एकाच वाक्यात सुखाने नांदतात, कारण ‘काल’ हा शब्द ‘पाहिले’शी जोडला जातो, ‘आहे’ला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. विद्यार्थी शब्दाला शब्द लावतो : ‘पाहिले’ म्हणजे ‘सीन’, ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’, ‘काल’ म्हणजे ‘यस्टर्डे’. जुळणी निर्दोष होते आणि वाक्य चुकते.

‘होता’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘आम्ही गेल्या शुक्रवारी म्हापशाला गेलो होतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘होतो’ने आपण एवढेच सुचवितो, की गेलो, बाजार केला, परत आलो आणि तो प्रसंग आता मागे पडला. कोंकणीतही ‘हांव काल म्हापशां गेल्लों’ हे रूप याच कामासाठी तोंडात येते, आणि घरी एक भाषा व शाळेत दुसरी असलेल्या आमच्या मुलांना दोन्हीकडून एकच वळण मिळते. इंग्रजी ‘हॅड गॉन’ला हे काम दिलेलेच नाही. ज्या प्रसंगाला आपण ‘गेलो होतो’ म्हणतो, त्याला इंग्रजीत नुसते ‘वेंट’ पुरते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण अनेक विद्यार्थी आपल्या मातृभाषेला दोष देऊ लागतात. ‘काल’ आणि ‘आहे’ एकत्र येणे यात तर्काची चूक कोणतीही नाही. जर्मन आणि फ्रेंच या युरोपीय भाषांमध्येही ‘हॅव’शी समांतर असलेल्या सहायक क्रियापदाबरोबर ‘काल’ या अर्थाचा शब्द बिनदिक्कत येतो, आणि म्हणून किनारपट्टीवर जर्मन पाहुण्यांशी बोलणाऱ्यांना ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हे वाक्य त्यांच्याही तोंडून ऐकू येऊ शकते. ही इंग्रजीची स्वतःची शिस्त आहे आणि ती शिस्त म्हणूनच शिकली पाहिजे.

तिसऱ्या रूपात काळ नसतो

मूळ दुरुस्ती येथे आहे. आपण ‘सीन’, ‘रिटन’, ‘गॉन’ या रूपांना भूतकालवाचक म्हणतो, आणि ते नावच पहिला घोटाळा करते. तिसऱ्या रूपाला भूतकाळ ठाऊक नसतो. त्याला फक्त क्रिया पूर्ण होणे किंवा क्रिया कोणावर तरी घडणे एवढेच ठाऊक असते. पुढील वाक्ये पाहावीत. ‘द लेटर वॉज रिटन यस्टर्डे.’ ‘अ लेटर इज रिटन एव्हरी मंडे.’ ‘द लेटर विल बी रिटन टुमॉरो.’ ‘रिटन’ तिन्ही वाक्यांत तसूभरही बदललेले नाही. काल, दर सोमवार आणि उद्या या तिघांचाही भार ‘वॉज’, ‘इज’ आणि ‘विल’ यांनी वाहिला आहे. तिसऱ्या रूपात खरोखरच भूतकाळ असता, तर ‘रिटन टुमॉरो’ हे शब्द शेजारी बसूच शकले नसते.

यावरून जो नियम निघतो, तो मी वर्गात फळ्याच्या वरच्या कडेला लिहून ठेवतो : इंग्रजीत काळवाचक शब्दाची सोयरीक तिसऱ्या रूपाशी जुळवू नये, त्याच्या आधीच्या सहायक क्रियापदाशी जुळवावी. मराठीत आपण ‘काल’ची सोयरीक ‘पाहिले’शी जुळवितो, इंग्रजीत ‘यस्टर्डे’ने ‘हॅव’ची संमती घ्यावी लागते, आणि ‘हॅव’ व ‘हॅज’ ही वर्तमानकाळाची रूपे असल्यामुळे ती संमती मिळत नाही. हे एकदा मनात ठसले, की पुढची बहुतेक प्रकरणे पाठांतराशिवाय सुटतात.

‘हॅव’ आणि ‘हॅज’ कोणते शब्द चालवून घेतात

‘हॅव’ वर्तमानकाळात उभे असल्यामुळे त्याच्याबरोबर येणाऱ्या कालावधीचे दुसरे टोक आजला, या क्षणाला टेकलेले असावे लागते. ‘सो फार’, ‘अप टू नाऊ’, ‘लेटली’, ‘येट’, ‘एव्हर’, ‘नेव्हर’ यांचे टोक आजला टेकते, म्हणून ते चालतात. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट फ्रायडे’, ‘इन १९८६’, ‘टू डेज अगो’, ‘व्हेन आय वॉज इन स्कूल’ यांच्या भोवती कुंपण घातलेले असते आणि ते कुंपण आजच्या अलीकडेच संपते, म्हणून ते चालत नाहीत. ‘अगो’वर बहुतेकांची ठेच लागते, कारण ‘दोन दिवसांपूर्वी’ हे मोजमाप आजपासून सुरू होते. परंतु मोजमाप आजपासून असले, तरी ‘अगो’ बोट ठेवतो तो दोन दिवसांपूर्वीच्या एका बिंदूवर. म्हणून ‘द फेरी लेफ्ट फाइव्ह मिनिट्स अगो’ असेच म्हटले पाहिजे, मग ती फेरीबोट अजून नदीच्या मध्यावर दिसत का असेना.

मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. बातमी कानावर येताच जर कोणी इंग्रजीत ती दुसऱ्याला सांगितली असेल, तर ‘द ब्रिज हॅज कोलॅप्स्ड’ हे वाक्य त्या क्षणी अगदी योग्य होते, कारण ती आजची वार्ता होती आणि तिच्यात ‘केव्हा’चे उत्तर नव्हते. आज त्याच घटनेविषयी ‘द ब्रिज कोलॅप्स्ड इन १९८६’ असेच लिहावे लागेल. घटना तीच आहे. वर्ष सांगितल्याबरोबर ‘हॅज’ला बाजूला व्हावे लागते.

यातूनच तपासणीचा एक प्रश्न मिळतो. आपण लिहिलेले वाक्य ‘केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर देते काय, हे पाहावे. देत असेल, तर ‘हॅव’ काढून दुसरे रूप लिहावे. ‘आजवर कितीदा?’, ‘किती काळापासून?’, ‘झाले की नाही?’ यांचे उत्तर देत असेल, तर ‘हॅव’ राहू द्यावे. स्वाभाविकच ‘व्हेन हॅव यू कम टू गोवा?’ हा प्रश्न चुकीचा ठरतो, कारण ‘व्हेन’ हा शब्दच ‘केव्हा’ आहे. ‘व्हेन डिड यू कम टू गोवा?’ असे विचारावे, किंवा ‘हाउ लाँग हॅव यू बीन इन गोवा?’ असे.

‘टुडे’, ‘धिस मॉर्निंग’, ‘धिस वीक’ यांच्याभोवती कुंपण आहे की नाही, हे बोलण्याच्या वेळेवर ठरते. सकाळी दहा वाजता ‘आय हॅव स्पोकन टू द हेडमास्टर धिस मॉर्निंग’ हे योग्य आहे. तीच गोष्ट दुपारी चार वाजता सांगताना सकाळ संपलेली असते, म्हणून ‘आय स्पोक टू द हेडमास्टर धिस मॉर्निंग’ हेच योग्य. ‘टुडे’ दोन्ही बाजूंनी चालतो, कारण दिवस अजून उरलेला असतो.

‘गेल्या’ या शब्दाने तर अक्षरशः फसगत होते. मराठीत ‘गेल्या वर्षी’ आणि ‘गेल्या वर्षभरात’ हे दोन शब्दप्रयोग आपण कधी एकमेकांत मिसळत नाही. पण इंग्रजीत उतरविताना दोघांचेही ‘लास्ट इयर’ करून टाकतो. ‘गेल्या वर्षी पाऊस फार पडला’ म्हणजे ‘इट रेन्ड हेवीली लास्ट इयर’. ‘गेल्या वर्षभरात मी तीनदा मुंबईला गेलो आहे’ म्हणजे ‘आय हॅव बीन टू मुंबई थ्री टाइम्स इन द लास्ट इयर’. ‘इन द’ या दोन लहान शब्दांनी कुंपण उघडले आणि कालावधी आजपर्यंत आला. हा फरक ज्याला मराठीत कळतो, त्याला तो इंग्रजीतही कळतो. केवळ त्याच्याकडे कोणी लक्ष वेधलेले नसते, आणि यात दोष शिक्षकांचा अधिक आहे असे मला वाटते.

दिवंगत व्यक्तींविषयी लिहिताना आणखी एक अडचण येते. बोरीचे कविवर्य बा. भ. बोरकर १९८४ साली निवर्तले. तरी मराठीत ‘बोरकरांनी निसर्गाच्या अनेक कविता लिहिल्या आहेत’ हे वाक्य सहज येते, कारण कविता आपल्यापाशी आहेत. इंग्रजीत त्यासाठी ‘बोरकर रोट मेनी पोएम्स ऑन नेचर’ असे लिहितात. वाक्यात वर्षाचा उल्लेख नसला, तरी लिहिणाऱ्याचे आयुष्य हेच तेथे न दिसणारे कुंपण असते.

‘पासून’, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’

‘सोमवारपासून’ आणि ‘नऊ दिवसांपासून’ दोहोंना मराठीत एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स मंडे’ आणि दुसऱ्याला ‘फॉर नाइन डेज’ लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘सिन्स’पुढे प्रारंभाचा बिंदू आणि ‘फॉर’पुढे लांबी, एवढे सांगून मी पुढे जातो, कारण खरी गफलत त्याच्या शेजारच्या क्रियापदात असते. ‘रस्ता दोन दिवसांपासून बंद आहे’ या मराठी वाक्यात ‘आहे’ असल्यामुळे विद्यार्थी ‘इज क्लोज्ड’ लिहितो आणि ‘सिन्स’चे ‘फॉर’ केले, की वाक्य सुधारले असे समजतो. नुसता ‘इज’ आजच्या क्षणापुरता असतो. दोन दिवस मागे जाऊन तेथपासून आजपर्यंत पसरण्याची ताकद त्याच्यात नाही. ती ताकद ‘हॅज बीन’मध्ये आहे. म्हणून ‘द रोड हॅज बीन क्लोज्ड फॉर टू डेज’, ‘दे हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स’, ‘ही हॅज बीन गॉन सिन्स ट्यूजडे’. ‘द म्युझियम इज क्लोज्ड ऑन मंडेज’ मात्र बरोबर आहे, कारण दर सोमवारचा नियम सांगण्यासाठी ‘इज’ पुरेसा असतो.

तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर १९७७ साली वारल्या, आणि त्याच वर्षी त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण घेऊन व्हॉयेजर अंतराळयाने अवकाशात निघाली. याविषयी इंग्रजीत दोन वाक्ये लिहायची झाली, तर वर्ष एकच असून क्रियापदे निराळी होतात : ‘केसरबाई डाइड इन १९७७’ आणि ‘हर व्हॉइस हॅज बीन ट्रॅव्हलिंग थ्रू स्पेस सिन्स १९७७’. मृत्यू एका बिंदूवर घडला, प्रवास अजून चालू आहे. ‘इन’ आणि ‘सिन्स’ यांतील भेद मुलांना समजावून देण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही, आणि ते आमच्याच तालुक्यातले असल्याने मुलेही ते विसरत नाहीत.

याच ठिकाणी एक खोल खड्डा आहे. क्षणात संपणाऱ्या क्रियांना ‘फॉर’ची लांबी लावता येत नाही. ‘ही स्कूटर घेऊन दोन वर्षे झाली’ याचे ‘आय हॅव बॉट धिस स्कूटर फॉर टू इयर्स’ केले, तर खरेदीच दोन वर्षे चालली होती असा अर्थ निघू लागतो. विकत घेणे, निघणे, पोहोचणे, मरण पावणे, नोकरीत रुजू होणे या क्रिया एका बिंदूवर घडून जातात. लांबी असते ती त्यानंतरच्या स्थितीला. म्हणून एकतर बिंदू सांगावा, ‘आय बॉट धिस स्कूटर टू इयर्स अगो’, नाहीतर स्थिती सांगावी, ‘आय हॅव हॅड धिस स्कूटर फॉर टू इयर्स’. आपल्या ‘घेऊन दोन वर्षे झाली’ या रचनेला सर्वांत जवळची इंग्रजी रचना मात्र तिसरीच आहे : ‘इट इज टू इयर्स सिन्स आय बॉट धिस स्कूटर’. मराठी माणसाला ती ओळखीची वाटते, म्हणून मी ती आधी शिकवितो.

‘हॅड’ : दोन घड्याळे

‘हॅड’ हे भूतकाळाचे रूप असल्यामुळे ‘यस्टर्डे’ किंवा ‘ऑन फिफ्थ ऑगस्ट’ यांच्याशी त्याचे भांडण नसते. म्हणून ‘हॅड गॉन लास्ट फ्रायडे’ला वर सांगितलेली तपासणी लागू पडत नाही, आणि म्हणूनच हा दोष तपासणीतून निसटतो. येथे विचारायचा प्रश्न दुसरा आहे : वाक्यात भूतकाळातली दुसरी घटना कोणती, जिच्या आधी ही घडली? ती नसेल, तर ‘हॅड’ला उभे राहायला जमीनच नाही. ‘वुई वेंट टू म्हापसा लास्ट फ्रायडे’ एवढेच लिहावे.

दुसरी घटना असेल, तर मात्र ‘हॅड’सारखे उपयुक्त रूप नाही. समजा, मी रायबंदरच्या धक्क्यावर सहा वाजता पोहोचलो आणि चोडणची फेरीबोट सहाला दहा मिनिटे कमी असतानाच सुटली होती. ‘व्हेन आय रीच्ड द जेटी ॲट सिक्स, द फेरी हॅड लेफ्ट.’ येथे सहा ही वेळ मी पाहिल्याची आहे, बोट सुटल्याची नाही. आता ‘द फेरी हॅड लेफ्ट ॲट टेन टू सिक्स’ असे लिहिले, तर दहा कमी सहा ही वेळ बोट सुटल्याची आहे. ‘हॅड’बरोबर अशी दोन घड्याळे चालू असतात, एक घटनेचे आणि एक ती घटना जेथून पाहिली त्या क्षणाचे; काळवाचक शब्द दोहोंपैकी कोणत्या घड्याळाचा आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःशी ठरविले पाहिजे. ‘ॲट सिक्स द फेरी हॅड लेफ्ट’ असे वेळ आधी ठेवून लिहिले, तर वाचक ती बहुधा पाहण्याची वेळ समजतो. शेवटी ठेवली, तर सुटण्याची समजतो. जेथे संदिग्धता परवडणार नाही, अशा तक्रारीत किंवा जबाबात ‘बाय सिक्स’ लिहावे. मग शंका उरत नाही.

दुरुस्तीतून उपजणारी नवी चूक

‘हॅव’ आणि ‘यस्टर्डे’ एकत्र येऊ देऊ नका, असा ढोबळ नियम सांगितला, की हुशार मुले तो सगळीकडे लावतात, आणि ‘ही मस्ट लेफ्ट यस्टर्डे’ असे वाक्य जन्माला येते. मी स्वतः पहिली काही वर्षे हा ढोबळ नियमच सांगत होतो, आणि ही नवी चूक वह्यांत दिसू लागल्यावर मला तो सोडून द्यावा लागला. भांडण वर्तमानकाळाच्या ‘हॅव’, ‘हॅज’ यांच्याशीच आहे. ‘मस्ट’, ‘मे’, ‘शुड’ यांच्यामागे येणाऱ्या ‘हॅव’ला स्वतःचा काळच नसतो, म्हणून तेथे ‘यस्टर्डे’ला मज्जाव करणारे कोणी नाही. ‘ही मस्ट हॅव लेफ्ट यस्टर्डे’, ‘शी मे हॅव कम लास्ट नाइट’, ‘यू शुड हॅव टोल्ड मी ऑन मंडे’ ही सर्व वाक्ये निर्दोष आहेत. ‘टू’च्या मागे येणाऱ्या ‘हॅव’लाही हेच लागू : ‘झेवियर इज नोन टू हॅव रीच्ड गोवा इन १५४२’. ‘हॅविंग’चेही तसेच : ‘हॅविंग अप्लाइड ऑन थर्ड ऑगस्ट, आय एक्सपेक्टेड अ रिप्लाय.’

आणि तिसऱ्या रूपाच्या आधी सहायक क्रियापदच नसेल, ते नामाला विशेषणासारखे चिकटलेले असेल, तर संमती कोणाचीच घ्यावी लागत नाही. ‘द लेटर सेंट यस्टर्डे’, ‘द ब्रिज ओपन्ड इन २०१९’ या रचना निःशंकपणे वापराव्यात. कार्यालयीन पत्रांत तर याचा फार उपयोग होतो, कारण एकाच वाक्यात ठरावीक तारीख आणि ‘आजपर्यंत’ हे दोन्ही बसविता येतात : ‘माय ॲप्लिकेशन सबमिटेड ऑन थर्ड ऑगस्ट हॅज नॉट बीन आन्सर्ड सो फार.’ येथे तारीख ‘सबमिटेड’पाशी राहिली, ‘सो फार’ने ‘हॅज’चा हात धरला, आणि कोणीही कोणाच्या आड आले नाही.

इमारती व वास्तूंची माहिती लिहिताना ‘इज बिल्ट इन’ ही चूक अनेकदा दिसते; पर्यटकांना स्थळे दाखवून माहिती देणाऱ्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या गोव्यातील बासिलिका ‘वॉज कॉन्सिक्रेटेड इन १६०५’. ‘इज’ नव्हे आणि ‘हॅज बीन’ही नव्हे. जुन्या गोव्यातील चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, हे सांगताना मात्र ‘हॅव बीन ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट सिन्स १९८६’ असे म्हणावे. गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले : ‘गोवा बिकेम अ स्टेट ऑन थर्टिएथ मे १९८७’ आणि ‘गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स १९८७’. घटनेचे वाक्य आणि स्थितीचे वाक्य अशी जोडी करून लिहिण्याचा हा सराव मी आठवी-नववीच्या मुलांकडून रोज पाच मिनिटे करून घेतो, आणि रिकाम्या जागा भरण्यापेक्षा त्याचा गुण निश्चितच अधिक येतो, कारण त्यात मुलाला वाक्य आपल्या मनातून काढावे लागते.

ते पत्र

विद्यार्थिनीला मी वाक्ये लिहून दिली नाहीत. प्रत्येक वाक्यापुढे मराठीत एकेक प्रश्न विचारला. ‘पाणी केव्हा तुटले हे सांगतेस, की किती दिवस नाही हे?’ ती म्हणाली, ‘किती दिवस नाही हे.’ मग ‘अवर वॉटर सप्लाय हॅज बीन कट ऑफ फॉर नाइन डेज’ हे तिचे तिनेच लिहिले. ‘अर्ज केव्हा दिलास?’ तारीख सांगितल्याबरोबर तिने ‘हॅव गिव्हन’ खोडून ‘गेव्ह’ केले. ‘फिटर पाच तारखेला आला, त्याच्यानंतरची दुसरी कोणती मागची गोष्ट पत्रात आहे?’ ती थोडा वेळ पत्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘नाही, सर.’ म्हणून ‘हॅड कम’चे ‘केम’ झाले. सात तारखेला तिने पुन्हा तक्रार केली असती आणि तिचा उल्लेख पत्रात असता, तर ‘हॅड कम’ तसेच ठेवता आले असते, हेही मी तिला सांगितले. शेवटच्या वाक्यात ‘टिल टुडे’ऐवजी ‘सो फार’ आले आणि ‘इज डन’चे ‘हॅज बीन डन’ झाले : ‘नथिंग हॅज बीन डन सो फार.’

जाताना तिने दोन शंका विचारल्या, त्या इतरांनाही येतात. पहिली ‘जस्ट’विषयी होती. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’ म्हणतात, अमेरिकी बोलण्यात ‘ही जस्ट लेफ्ट’ही चालते, आणि ‘ऑलरेडी’ व ‘येट’ यांचेही तसेच आहे. आपल्या शालान्त परीक्षेसाठी पहिले रूप लिहावे; नोकरीत अमेरिकी ग्राहकांशी बोलणाऱ्याने दुसरे ऐकून दचकू नये. ‘जस्ट नाऊ’ मात्र ‘आत्ताच, क्षणापूर्वी’ या अर्थी दोन्हीकडे साध्या भूतकाळाबरोबर जातो : ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’.

दुसरी शंका अवघड होती. ‘सिन्स’ने सुरू होणाऱ्या पोटवाक्यात ‘हॅव’ कधीच येत नाही काय? ‘सिन्स आय हॅव जॉइन्ड धिस ऑफिस’ हे चुकीचे आहे, कारण रुजू होणे हा प्रारंभाचा बिंदू आहे आणि बिंदूला ‘जॉइन्ड’ हे साधे रूप हवे : ‘आय हॅव लर्न्ड अ लॉट सिन्स आय जॉइन्ड धिस ऑफिस.’ परंतु पोटवाक्यातली क्रिया स्वतःच अजून चालू असेल, तर तेथेही ‘हॅव’ शोभते : ‘सिन्स आय हॅव लिव्ह्ड इन धिस हाउस, द वेल हॅज नेव्हर रन ड्राय.’ बोलणारा अजून त्याच घरात राहतो, म्हणून ते राहणे आजला टेकलेले आहे. त्याने ते घर सोडले असेल, तर ‘हॅव लिव्ह्ड’ येथे बसणार नाही, आणि मुख्य वाक्यही ‘द वेल नेव्हर रॅन ड्राय व्हाइल आय लिव्ह्ड देअर’ असे करावे लागेल.